ओठ फाटका असला तरी बाळ वाढते

मायबहिणींनो, भातसानगरची वसाहत असो की मुरबाडकडचा पाडा, फाटक्या ओठाचे बाळ जन्मले की आधी आईलाच बोल लागतो. ‘ग्रहणात विळी धरलीस ना!’ ग्रहणाचा यात काडीचाही संबंध नाही. ओठ आणि टाळू गर्भातच, पहिल्या तीन महिन्यांत सांधले जातात. एखाद्या बाळाचा हा सांधा जुळत नाही, इतकेच. आईचा त्यात दोष नाही.

खरा धोका उपासमारीचा. टाळू फाटलेली असली की बाळाला दूध ओढता येत नाही. ते चोखून दमते, अर्धपोटी झोपते आणि वजन वाढत नाही. रोप जोमदार झाल्याशिवाय आपण भाताची लावणी करतो का? डॉक्टरही तसेच पाहतात. ओठाची शस्त्रक्रिया साधारण ३ ते ६ महिन्यांचे असताना आणि टाळूची ९ ते १८ महिन्यांत करतात. पण अंगात वजन आणि रक्त हवे.

म्हणून दूध पिळून वाटी-चमच्याने पाजा. बाळाचे डोके उंच धरा, थोडे थोडे द्या, मध्ये ढेकर काढा. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करा. बाळाशी भरपूर बोला. कान वाहू लागला तर लगेच दाखवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरला सुरू झाला. त्यातून जन्मजात व्यंगांवर मोफत उपचार होतात. आशाताईंना आजच सांगा. बाळाला पदराआड लपवू नका.