विश्लेषण : ४६व्या वर्षी पॅकियाओ रिंगमध्ये का परतला?

आठ वेगवेगळ्या वजनी गटांत जगज्जेता ठरलेला फिलिपिन्सचा मुष्टियोद्धा मॅनी पॅकियाओ १९ जुलै २०२५ रोजी लास व्हेगासमध्ये पुन्हा जेतेपदासाठी लढला. प्रतिस्पर्धी मारियो बॅरियोस त्याच्यापेक्षा १६ वर्षांनी लहान होता.

निवृत्ती कधी घेतली होती?

ऑगस्ट २०२१ मध्ये योर्देनिस उगासकडून हरल्यावर पॅकियाओने ग्लोव्ह्ज उतरवले. २०२२ मध्ये अध्यक्षपदाची आणि मे २०२५ मध्ये सिनेटची निवडणूकही तो हरला.

थेट जेतेपदाची लढत कशी?

जागतिक मुष्टियुद्ध परिषदेच्या नियमानुसार माजी जगज्जेता परतताना जेतेपदाच्या लढतीची मागणी करू शकतो. मात्र २०१९ नंतर एकही विजय नसलेल्या खेळाडूला ही संधी दिल्याने टीका झाली.

निकाल काय लागला?

१२ फेऱ्यांनंतर दोन पंचांनी ११४-११४ अशी बरोबरी दिली, तिसऱ्याने ११५-११३ असा बॅरियोसला कौल दिला. लढत बरोबरीत सुटली, पट्टा बॅरियोसकडेच राहिला. अखेरच्या फेऱ्यांत बॅरियोसने पिछाडी भरून काढली.

धोका कोणता?

जॉर्ज फोरमन १९९४ मध्ये ४५व्या वर्षी हेवीवेट जगज्जेता झाला, हे उदाहरण मोहात पाडणारे आहे. पण वयानुसार प्रतिक्रियेचा वेग मंदावतो आणि डोक्यावरील आघातांचा परिणाम वर्षानुवर्षे साचत जातो. पॅकियाओ या लढतीत कोसळला नाही. पुढच्या लढतीत हा धोका पुन्हा असेलच.