खिडकीची कांच आणि कोंकणचें ऊन

पेण आणि रोहा या दोन्ही गांवांत घरांचें रूप पालटून गेलें आहे. जुन्या घराला पुढें ओटी, भोंवतीं पडवी, वर कौलें आणि खिडक्यांना गज व लांकडी झडपा असत. आतां तीन-चार मजली सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या असून, झडपांच्या जागीं ॲल्युमिनियमच्या चौकटींत सरकणारीं कांचेचीं तावदानें आलीं आहेत. पडवी जें ऊन भिंतीपासून चार-पांच हात दूर अडवीत असे, तेंच आतां थेट कांचेंतून पलंगावर येऊन पडतें. यावर उपाय म्हणून कांचेस चिकटवावयाचा एक पातळ पापुद्रा बाजारांत मिळतो. त्यास फिल्म म्हणतात. ती कोणती घ्यावी आणि कोणत्या खिडकीस लावावी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं. चुकीची फिल्म लावणाऱ्या गृहस्थाचे पैसे तर जातातच, शिवाय पावसाळ्याचे चार महिने भर दुपारीं दिवा लावून बसण्याची पाळी त्याच्या घरावर येते.

सूर्यापासून येणाऱ्या शक्तीपैकीं सुमारें निम्मी डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशाची असते, जवळजवळ तेवढीच न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते आणि अगदीं थोडी अतिनील किरणांची. साधी कांच या शक्तीचा बहुतेक भाग आंत सोडते. फिल्मचें काम एवढेंच कीं, यांतील कांहीं भाग परत फिरवावयाचा किंवा शोषून घ्यावयाचा. स्वस्त रंगीत फिल्म मुख्यतः शोषण करते. त्यामुळें कांच तापते, त्या तापाचा कांहीं अंश खोलींतच उतरतो, आणि वर्षा-दोन वर्षांत रंगहि उडूं लागतो. धातूचा सूक्ष्म थर दिलेली फिल्म आरशाप्रमाणें ऊन परतविते. तिसरी जात सिरॅमिक वगैरे नांवांनीं विकली जाते; तिच्यांतील उत्तम फिल्म प्रकाश बराचसा येऊं देते आणि अवरक्त किरण विशेषेंकरून अडविते. म्हणजे फिल्म जितकी काळी तितकी गुणकारी, हा सार्वत्रिक समज खरा नाहीं.

विकत घेतांना दोन आंकडे विचारावेत. एक ‘व्हीएलटी’, म्हणजे शेंकडा किती प्रकाश आंत येतो तें. दुसरा ‘एसएचजीसी’, म्हणजे कांचेवर पडलेल्या सौर उष्णतेपैकीं किती अंश खोलींत पोंचतो तें. साध्या कांचेचा हा दुसरा आंकडा ०.८५ च्या आसपास असतो. दुकानदार ‘नव्वद टक्के उष्णता अडते’ असें सांगूं लागला, तर तो केवळ अवरक्त किरणांविषयीं बोलत आहे कीं एकंदर उष्णतेविषयीं, हें त्यास स्पष्ट विचारणें बरें. बहुधा तो पहिल्याविषयींच बोलत असतो.

आतां हवामानाचा विचार. लेह किंवा सिमला येथें ऊन हवेंसें असतें आणि खोलीची ऊब बाहेर जाऊं द्यावयाची नसते. तेथें ऊन आंत घेणारी, पण खोलींतील उष्णता परत आंत वळविणारी फिल्म योग्य. सोलापुराकडे दिवस कोरडा व कडक, तर रात्र त्या मानानें सुसह्य; दिवसा खिडक्या घट्ट लावून रात्रीं उघडण्याची रीत तिकडे शहाणपणाची आहे, आणि दिवसभर बंद राहणाऱ्या कांचेवर फिल्म मन लावून काम करते. कोंकणची गोष्ट वेगळी आहे. येथें हवेंत ओलावा इतका कीं, अंगावरचा घाम वाळण्यास वारा लागतोच. म्हणून खिडकी उघडी हवी. आणि सरकत्या खिडकीच्या उघड्या अर्ध्या भागांतून येणाऱ्या उन्हास फिल्म काय करणार!

हा मुद्दा सरकारी संहितेंतहि दिसतो. निवासी इमारतींकरितां भारत सरकारनें २०१८ सालीं ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. तींत उष्ण-दमट प्रदेशांतील घरांस उघडतां येणाऱ्या खिडक्या-दारांचें क्षेत्र चटई-क्षेत्राच्या किमान एक-षष्ठांश असावें असें सांगितलें आहे. उष्ण-कोरड्या प्रदेशास एक-दशांश पुरतो. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीस या प्रमाणानें वीस चौरस फूट मोकळी जागा पडते. पांच फूट बाय चार फुटांची खिडकी बरोबर वीस भरते खरी, परंतु दोन पाखी सरकती खिडकी उघडते अर्धीच, म्हणजे दहा. अशा खोलींत गुदमरल्यासारखें होतें तें उन्हामुळें कमी आणि वाऱ्याअभावीं अधिक. उन्हाळ्यांत वृद्ध माणसाचें अंथरूण तेथें असेल, तर प्रथम बाहेरून बांबूची चीक किंवा छत्री लावावी व पाखीं उघडीं ठेवावींत. चीक ऊन कांचेबाहेरच अडविते आणि वारा येऊं देते. फिल्म वारा देत नाहीं.

मग फिल्म लावावयाची कोठें? तर मुख्यतः पश्चिमेच्या आणि बंद राहणाऱ्या खिडकीस. पेण व रोहा हीं गांवें विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेअठरा अंशांच्या जवळपास असल्यानें मेच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हां जुलैअखेरीस भर दुपारीं सूर्य थेट डोक्यावर येतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला, तर ऑक्टोबरच्या मध्यास दुपारीं चार फुटांची खिडकी जवळजवळ सगळी, आणि डिसेंबरांत तिचा वरचा अर्धा भाग सावलींत राहतो. पश्चिमेस मात्र एप्रिलांत पांचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून पंचवीस-तीस अंशांवर उतरलेला असतो. तेथें छज्ज्याचा इलाज चालत नाहीं. रोह्यास ही पश्चिम अधिक जाचते, कारण मार्चमध्यें पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात आणि समुद्रावरचा वारा खोऱ्यांत उशिरां पोंचतो. याच कुंडलिकेच्या खोऱ्यांत वरच्या अंगास असलेलें भिरा मार्च २०१७ मध्यें पारा ४६ अंशांवर गेल्याच्या नोंदीमुळें देशभर गाजलें होतें.

वातानुकूलन यंत्र असलेल्या खोलीचा हिशेब करून पाहावा. पश्चिमेच्या खिडकीची निव्वळ कांच दीड चौरस मीटर, आणि तिच्यावर चौरस मीटरमागें ६०० वॉट ऊन पडतें असें धरूं. साध्या कांचेंतून ७६५ वॉट आंत येतात. म्हणजे एक इस्त्री खोलींत चालूच ठेवल्यासारखें झालें. ०.४५ ची फिल्म लावल्यास ४०५ वॉट येतात. तीन तासांत वांचलेली उष्णता एका युनिटाएवढी होते. परंतु यंत्र साधारण तीन भाग उष्णता बाहेर टाकण्यास एक भाग वीज घेत असल्यानें प्रत्यक्ष बचत युनिटाच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित् अधिक. शंभर दिवसांचे पस्तीस युनिट. फिल्मचा भाव व विजेचा दर घेऊन ज्यानें-त्यानें भागाकार करावा. पैसे फिटण्यास वर्षें लागतील, हें आधीं माहीत असलेलें बरें. पलंगावर पडणारी झळ मात्र पहिल्याच दिवशीं कमी होते. यंत्र नसलेल्या घरांत तर विजेची बचत नाहींच. पंखा पूर्वीप्रमाणेंच फिरतो.

प्रकाशाविषयीं कंजूषपणा करूं नये. वरील संहितेंत भिंतींच्या तीस टक्क्यांपर्यंत खिडक्या असलेल्या इमारतींस कांचेंतून किमान २७ टक्के प्रकाश यावा असें बंधन आहे. कोंकणांतील घरास पन्नास ते सत्तर टक्के प्रकाश देणारीच फिल्म घ्यावी. आषाढांत आभाळ भरून आलें म्हणजे याचें महत्त्व कळतें. पेणच्या आणि शेजारच्या हमरापूर-जोहे भागांतील गणपतीच्या कारखान्यांत तर रंगीत फिल्म मुळींच नको. मूर्तीच्या गालांवरची छटा आणि पीतांबराचा पिवळा रंग खऱ्या उजेडांतच जुळवावा लागतो, आणि निळसर उजेडांत जमलेला रंग बाहेर मांडवांत भलताच दिसतो.

आरशासारख्या फिल्मविषयीं एक गैरसमज असा कीं, तिच्यामुळें घरांतलें बाहेरून कधींच दिसत नाहीं. दिवसा तें खरें. पण रात्रीं आंत दिवा लागला कीं उलट होतें, म्हणून पडदा काढून टाकूं नये. खाडीजवळच्या खाऱ्या हवेंत धातूचा थर कडेनें गंजूं लागतो, यास्तव कडा नीट बंद करून घ्याव्यात. तार घातलेल्या, दुहेरी किंवा अर्धवट सावलींत राहणाऱ्या कांचेवर गडद फिल्म लावल्यास कांच विषम तापून तडकण्याचा संभव असतो.

फिल्म लावण्याचें काम पाऊस संपल्यावर, दिवाळीनंतर करून घ्यावें. तिच्याखालीं राहिलेलें पाणी वाळण्यास कांहीं आठवडे लागतात, आणि तोंपर्यंत दिसणारे धुरकट डाग पाहून कारागिराशीं भांडूं नये. पुढें पुसतांना मऊ फडकें व सौम्य साबणाचें पाणीच वापरावें. अमोनिया असलेलें द्रावण किंवा भांडीं घांसण्याची काथ्याची चोथरी तिला लावूं नये.