वळसा घालून मैदानात

रावेरच्या दहावी झालेल्या मुलीला विचारा, ‘आता कुठे जाणार?’ ती म्हणेल, ‘ज्युनिअर कॉलेजला.’ रेल्वेने अर्ध्या तासावर असलेल्या बुऱ्हाणपुरात तिच्या वयाच्या मावसबहिणीला हेच विचारा. ती म्हणेल, ‘अकरावीला. आमच्याच शाळेत.’ दोघींची यत्ता एकच. मध्ये राज्याची सीमा आहे, एवढंच. महाराष्ट्रात दहा-दोन-तीनची पद्धत आली आणि अकरावी-बारावी ‘ज्युनिअर कॉलेज’ झाली. मध्य प्रदेशात ती हायर सेकंडरी शाळेतच राहिली.

अमेरिकेत याच दोन शब्दांचा तिसराच अर्थ निघतो. तिथे ज्युनिअर कॉलेज सुरू होतं बारावीनंतर. ते दोन वर्षांचं असतं, म्हणजे चार वर्षांच्या पदवीचा पहिला अर्धा भाग. ही कल्पना शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची. पदवीची पहिली दोन वर्षं ‘ज्युनिअर’, पुढची दोन ‘सिनिअर’, अशी वाटणी त्यांनी केली. १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावच्या हायस्कुलात सहा विद्यार्थ्यांवर असं पहिलं सरकारी कॉलेज सुरू झालं.

या छोट्या कॉलेजांतून बेसबॉलची केवढी मोठी वाट फुटली, हे पाहिलं की थक्क व्हायला होतं.

१९३७ साली कॅलिफोर्नियातल्या काही ज्युनिअर कॉलेजांनी चार वर्षांच्या कॉलेजांच्या ॲथलेटिक्स स्पर्धेत उतरायची परवानगी मागितली. नकार आला. मग पुढच्याच वर्षी त्यांनी फ्रेस्नो शहरात स्वतःची संघटना काढली. आज तिची बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा कोलोरॅडो राज्यातल्या ग्रँड जंक्शनला भरते, तीही १९५९ पासून. गाव जेमतेम ६५ हजार वस्तीचं, दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं; शेजारच्या पॅलिसेडचे पीच प्रसिद्ध. तापीकाठच्या, केळीच्या बागांनी वेढलेल्या आणि दोन लाखांवर वस्तीच्या बुऱ्हाणपूरकराला ते गाव धाकट्या भावंडासारखं वाटावं.

मुलं ज्युनिअर कॉलेजांत येतात कशाला? उत्तर एका विचित्र आकड्यात आहे: ११.७. चार वर्षांच्या मोठ्या कॉलेजांना बेसबॉलसाठी वर्षानुवर्षं एवढ्याच पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. संघात तीसेक खेळाडू, मग एकेक शिष्यवृत्ती तुकडे करून वाटायची. कुणाला पाव, कुणाला अर्धी. वरच्या गटातल्या ज्युनिअर कॉलेजांना मात्र २४ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मुभा होती. २०२५ पासून अनेक मोठ्या कॉलेजांनी हा हिशोब सोडून संघावर ३४ खेळाडूंची मर्यादा स्वीकारली. शिष्यवृत्ती वाढू शकते, पण जागा मोजक्याच झाल्या.

दुसरं कारण वय. अठराव्या वर्षी मोठ्या कॉलेजात गेलेला मुलगा बरेचदा बाकावर बसून राहतो. ज्युनिअर कॉलेजात तो पहिल्या वर्षापासून खेळतो, अंग भरतं, कच्चे राहिलेले गुणही सुधारतात. शिवाय चार वर्षांच्या कॉलेजातल्या मुलाला व्यावसायिक संघांच्या निवडीसाठी तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकवीस वर्षांचं होईपर्यंत थांबावं लागतं. ज्युनिअर कॉलेजवाल्याला ही अट नाही.

हे ओळखलं आणखी एका हार्परने. लास व्हेगासच्या ब्राइस हार्परने हायस्कूल अर्ध्यावर सोडलं, समकक्ष परीक्षा दिली आणि सतराव्या वर्षी तो तिथल्याच एका ज्युनिअर कॉलेजकडून खेळू लागला. कॉलेजात सहसा ॲल्युमिनिअमची बॅट असते. त्याच्या गटात व्यावसायिकांसारखी लाकडी होती. त्या मोसमात त्याने ३१ होमरन मारले आणि २०१० च्या निवडीत तो देशात पहिला आला.

पण आपला प्रश्न पदवीच्या वाटेचा. त्यासाठी रॉजर क्लेमेन्स पाहा. टेक्सासच्या सान हासिंटो ज्युनिअर कॉलेजात असताना १९८१ मध्ये न्यूयॉर्क मेट्स या व्यावसायिक संघाने त्याला निवडलं. तो गेला नाही. टेक्सास विद्यापीठात गेला. १९८३ ची राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा जिंकून देणाऱ्या शेवटच्या सामन्यात गोलंदाज तोच होता आणि त्याच वर्षी व्यावसायिक निवडीच्या पहिल्या फेरीत त्याची निवड झाली. आणि जॅकी रॉबिन्सन? पॅसाडिना ज्युनिअर कॉलेजातून १९३९ मध्ये तो यूसीएलए विद्यापीठात गेला. तिथे तो चार खेळांत चमकला, पण त्यांत सर्वांत कच्चा होता बेसबॉल! त्याची फलंदाजीची सरासरी होती .०९७, म्हणजे दहा संधींत एकही धड फटका नाही. याच माणसाने १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरून मोठ्या लीगमधली वर्णबंदी मोडली.

आता दुसरं पारडं. दोन वर्षांत मिळवलेले क्रेडिट पुढचं कॉलेज सगळेच मानेल असं नाही. चार वर्षांच्या कॉलेजांच्या वरच्या गटात जाऊन खेळायचं तर मान्य झालेल्या विषयांत चारपैकी सरासरी २.५ गुणांक लागतो. फ्लोरिडासारख्या राज्यात दोन वर्षांची पदवी घेतलेल्याला सरकारी विद्यापीठात जागेची हमी आहे, पण हव्या त्या विद्यापीठात नाही. आणि खेळाच्या वर्षांचं घड्याळ ज्युनिअर कॉलेजातच सुरू होतं. या नियमावर सध्या कोर्टकज्जे चालू आहेत.

बुऱ्हाणपूरला ही वाट अनोळखी नाही. इथे जिजामातेच्या नावाचं सरकारी पॉलिटेक्निक आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. महाराष्ट्रात याला ‘डायरेक्ट सेकंड इयर’ म्हणतात, मध्य प्रदेशात ‘लॅटरल एन्ट्री’. हिशोब करून पाहा: अकरावी-बारावीची दोन आणि इंजिनिअरिंगची चार, अशी सहा वर्षं. डिप्लोमाची तीन आणि पुढची तीन, तीही सहाच. वळसा दिसतो, पण वर्ष वाया जात नाही. हातात मात्र मधेच एक पदविका येते.

म्हणून शेजारच्या मुलाने बारावीऐवजी डिप्लोमा घेतला, किंवा अमेरिकेतल्या भाच्याने ज्युनिअर कॉलेज निवडलं, तर ‘मार्क कमी पडले का?’ असं विचारू नका. एवढंच विचारा: ‘इथलं काय काय पुढे धरलं जाणार, ते लेखी घेतलंस ना?’