ईसुरीच्या चार कड्या

फाल्गुन लागला की बुंदेलखंडात ढोलक, नगडिया, झींका बाहेर निघतात आणि त्यांच्यासोबत फाग, म्हणजे होळीची गाणी, रचणारा बुंदेली कवी ईसुरीही. झाशी जिल्ह्यातल्या मऊरानीपूरजवळचं मेंढकी हे त्याचं गाव. जमीनदारांकडे कारिंदा म्हणून तो वसुली बघायचा. जन्म १८३० च्या दशकातला, मृत्यू १९०९ चा. गुरसरायच्या बाजारात कुणा वयस्क माणसापाशी त्याचं नाव काढून बघा, माहिती मिळायच्या आधी गुणगुणणं ऐकू येतं.

मी तिथे गेले होते वेगळ्याच कामाला. गुरसराय ही एकेकाळी मराठी ब्राह्मण घराण्याची जहागीर होती. छत्रसालाला बाजीरावाने १७२९ मध्ये मदत केली, त्यानंतर या मुलखात मराठी माणसं रुजली. नेवऱ्याचे गोविंद बल्लाळ खेर इथे गोविंदपंत बुंदेले झाले ते त्याच ओघात. १८५७ मध्ये गुरसरायचे केशवराव इंग्रजांच्या बाजूला उभे राहिले, झाशीची राणी पलीकडे. एवढा ऐवज लेखाला पुरला असता. पण चहाच्या टपरीवर एकाने फाग धरला आणि माझे खेर राहिले बाजूला.

कारण ती चाल कानाला परकी वाटेना. हा काय प्रकार आहे ते मोजल्यावर कळलं. ईसुरीने घडवलेल्या, निदान त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फागाला ‘चौकडिया’ म्हणतात, म्हणजे चार कड्यांचा. एका कडीत अठ्ठावीस मात्रा. सोळांवर थांबा, मग बारा. आता आपली साकी आठवा: अठ्ठावीस मात्रा, सोळांवर यती! अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’मधल्या साक्यांवर १८८२ साली मराठी प्रेक्षक माना डोलावत होते, तेव्हा इकडे हा कारिंदा त्याच मापात बुंदेली ओतत होता. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसणार. माप मात्र दोघांच्याही आधीपासून उत्तरेत-दक्षिणेत फिरत होतं.

ते चालतं कसं, ते हातानेच बघावं. साचा कळावा म्हणून मीच जुळवलेली ही ओळ:

मोहाखाली बसली राणी, ओठी आली गाणी.

चार-चार मात्रांवर टाळी द्या. ‘राणी’पर्यंत चार टाळ्या होतात, पुढे ‘गाणी’पर्यंत तीनच. हात आठवी टाळी मागतो आणि शब्द तर संपलेले. मग गाणारा शेवटचा ‘णी’ ओढतो आणि ढोलकवाल्याला मोकळं रान मिळतं. पहिल्या कडीत आणखी एक गंमत असते, सोळाव्या मात्रेवरही यमक. कडी अर्धी होते न होते तोच ऐकणाऱ्याला पुढचं यमक कळलेलं असतं. उरलेल्या तिन्ही कड्या त्याच यमकावर येऊन टेकतात. न लिहिता पाठ राहण्यासाठी याहून पक्की बांधणी मला तरी सुचत नाही.

ईसुरी रचायचा आणि त्याचा सोबती धीरे पंडा गायचा, असं सांगतात. आपल्याकडे होनाजी लिही आणि बाळा करंजकर गाई, तशीच ही जोडी. ईसुरीचं काव्य वाचलं ते अशा गळ्यांमुळे. कागदावर आणण्याची खटपट पुढे झाली, त्यात कृष्णानंद गुप्तांचं नाव मोठं. पण गळ्याने सांभाळलेल्या काव्याचं एक त्रांगडं असतंच. शेवटच्या कडीत ‘ईसुर’ ही छाप घातली की कुणाचाही फाग ईसुरीचा होतो. ‘तुका म्हणे’ लावून कितीजणांनी आपले अभंग चालवून घेतले, ते आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे अस्सल कोणता आणि मागून आलेला कोणता, हा झगडा मिटत नाही.

आणि रजऊ? फागांतून तो जिला सारखी हाक मारतो, ती कोण? कुणी म्हणतं खरीच होती, दुसऱ्याच्या घरची. कुणी म्हणतं कल्पनेतली, तर कुणाला तिच्यात राधा दिसते. मैत्रेयी पुष्पा याच झाशी जिल्ह्यात वाढल्या. त्यांच्या ‘कही ईसुरी फाग’ (२००४) या कादंबरीतली ऋतू ईसुरीवर शोधप्रबंध लिहिते आणि तो नाकारला जातो. लोकांच्या तोंडच्या गोष्टी, त्या संशोधनात कशा बसणार? मग कादंबरी रजऊलाच पुढे आणते, तिचा संसार, तिची बदनामी, तिचं १८५७. नाव गाजलं कवीचं, किंमत मोजली बाईने, हे त्या पुस्तकाने मला दाखवलं. तेव्हापासून रजऊचे फाग मी जरा सावधपणे ऐकते.

मला ईसुरी भेटतो तो मोहाच्या झाडांवरच्या फागात. मोहावर कुऱ्हाड चालवणाऱ्यांवर तो चिडलाय. या झाडांनी माणसं जगवली, असं त्याचं म्हणणं. बुंदेलखंडात दुष्काळ पडला की धान्य संपायचं आणि लोक वेचलेली मोहफुलं वाळवून, भाजून, कुटून खायचे. १८९६-९७ चा दुष्काळ ईसुरीच्या हयातीतलाच. वसुलीसाठी गावोगाव फिरणाऱ्या कारिंद्याला, कुणाच्या कणगीत काय उरलंय आणि कोण नुसत्या मोहावर दिवस काढतोय, हे सांगावं लागत नसणार.