विद्यापीठीय इमारतींचे हरित प्रमाणीकरण

विद्यापीठीय इमारतींचे हरित प्रमाणीकरण म्हणजे महाविद्यालये, वसतिगृहे, ग्रंथालये व प्रयोगशाळा यांच्या बांधणीत आणि वापरात ऊर्जा, पाणी व बांधकाम साहित्य यांची कितपत बचत होते, याचे त्रयस्थ संस्थेने ठरावीक निकषांवर केलेले मूल्यमापन होय.

भारतातील पद्धती

भारतीय उद्योग महासंघाने २००१ मध्ये भारतीय हरित इमारत परिषद स्थापन केली. महासंघाच्या हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज केंद्राला २००३ मध्ये 'लीड' पद्धतीचा प्लॅटिनम दर्जा मिळाला. दुसरी पद्धत 'गृह' या नावाने ओळखली जाते. ती टेरी ही संस्था व केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून विकसित केली असून तीत इमारतीला एक ते पाच तारे दिले जातात. 'गृह'च्या अगदी आरंभीच्या प्रमाणित इमारतींत कानपूरच्या आयआयटीतील पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी केंद्राची इमारत मोडते. म्हणजे शैक्षणिक वास्तूंचा या पद्धतीशी संबंध प्रारंभापासूनचा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये पर्यावरणस्नेही परिसरविकासासाठी 'सतत' हा आराखडा प्रसिद्ध केला. 'नॅक'च्या मूल्यांकनातही हरित व ऊर्जा लेखापरीक्षणाची विचारणा होते.

पिंपरी-चिंचवड परिसर

'गृह' मानांकन घेणाऱ्या बांधकामांना सवलती देऊ करणाऱ्या आरंभीच्या महापालिकांत पिंपरी-चिंचवडचा समावेश होतो. विकसकाला अधिमूल्यात, तर वापरकर्त्याला मिळकतकरात सूट असे या सवलतींचे स्वरूप आहे.

या भागात खरा प्रश्न पाण्याचा आहे. शहराची मुख्य भिस्त पवना धरणावर असून नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेने दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. पवनेकाठच्या रहाटणीसारख्या एकेकाळच्या शेतीच्या गावात आज दाट वस्ती आहे. नदी जवळ असूनही नळाला रोज पाणी येईल असे नाही. अशा ठिकाणी १,००० चौरस मीटर छपराच्या महाविद्यालयाचा हिशेब उद्बोधक ठरतो. वर्षाकाठी ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातील ८० टक्के पाणी गोळा झाले, तर ते सुमारे ५ लाख ६० हजार लिटर भरते. मात्र हा पाऊस चार महिन्यांतच पडतो. वर्षभराची साठवण करणारी टाकी बांधणे खर्चाचे असते, आणि येथील काळा बसाल्ट खडक भेगा व झिजलेले थर असतील तेथेच पाणी मुरू देतो. म्हणून जागेची भूजलतपासणी न करता खोदलेला पुनर्भरण खड्डा पुष्कळदा केवळ गुण मिळवण्यापुरता उरतो. वसतिगृहातील अंघोळीचे व धुण्याचे सांडपाणी शुद्ध करून शौचालयांत व बागेत फिरवणे त्या मानाने भरवशाचे, कारण ते बाराही महिने मिळते.

उन्हाचा विचार आराखड्याच्या वेळीच करावा लागतो. साधारण १८.६ अंश उत्तर अक्षांशावर दक्षिणेचे ऊन खिडकीवरील आडव्या छज्जाने अडवता येते; पश्चिमेचे तिरपे ऊन छज्जाखालून आत शिरते. त्यामुळे जिने, स्वच्छतागृहे व भांडारखोल्या पश्चिमेस आणि वर्ग उत्तर-दक्षिण ठेवणे हितकर. यासाठी वेगळा खर्च येत नाही. पश्चिमेला काचेची भिंत उभारून नंतर वातानुकूलन यंत्रे बसवायची व छतावर सौरपटल लावून गुण भरून काढायचे, ही रीत मात्र सर्रास दिसते.

सौरविजेचे महाविद्यालयांशी चांगले जमते, कारण तास व प्रयोग दिवसाच चालतात. एक किलोवॉटच्या संचास सुमारे दहा चौरस मीटर मोकळे छप्पर लागते व दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. वसतिगृहांचा वापर सकाळ-संध्याकाळचा असल्याने तेथे सौर पाणीतापक अधिक उपयोगी पडतात.

मर्यादा

प्रमाणपत्र कायमचे नसते. मुदतीनंतर नूतनीकरण करावे लागते. सांडपाणी शुद्धीकरण संयंत्र चालवणारा प्रशिक्षित कर्मचारी नसेल, तर ते वर्ष-दोन वर्षांत बंद पडते आणि इमारत पुन्हा टँकरवर येते. पाणी व वीज यांचे विभागवार मीटर बसवल्यास हा फरक महिन्याच्या नोंदींतच कळतो, आणि अशा नोंदी पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठीही वापरता येतात.