लहान रुग्णालय आणि केंद्रीय अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील कुंडल हे गाव सार्वजनिक पैशाच्या हिशेबाचा विचार करण्यास एका विशेष कारणाने सोयीचे आहे. औंध संस्थानचा मुलूख तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता; त्यातील एक तुकडा म्हणजे कुंडल तालुका. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ज्या माळावर आपला कारखाना हलविला तो कुंडल रोड स्टेशनजवळचाच. १९३९ च्या जानेवारीत औंधच्या राजेसाहेबांनी प्रजेला जी राज्यघटना दिली तिने ग्रामपंचायत हाच राज्यकारभाराचा पाया मानला. पुढे १९४३ पासून साताऱ्याच्या प्रतिसरकारचे कुंडल हे एक प्रमुख ठाणे झाले. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९४९ साली हा भाग दक्षिण सातारा जिल्ह्यात आला आणि १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. एका माणसाच्या हयातीत येथील राज्यकर्ता इतक्या वेळा बदलला, आणि दर बदलाबरोबर हिशेब मागणारा व हिशेब देणारा यांच्यामधील अंतरही बदलत गेले. आज कुंडलसारख्या गावातील सरकारी दवाखान्याच्या खर्चाचा काही भाग दिल्लीहून येतो. त्या पैशाचा हिशेब दिल्लीस परत पोचतो तो एका कागदाच्या रूपाने. त्या कागदास उपयोगिता प्रमाणपत्र म्हणतात. लहान रुग्णालयात हा कागद कसा तयार होतो आणि त्यात काय सांगितलेले असते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम पैशाचा मार्ग पाहू. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. २०१३ साली त्याचे राष्ट्रीय आरोग्य अभियान झाले. आरंभी केंद्राचा पैसा राज्याच्या तिजोरीत न येता थेट राज्य आरोग्य सोसायटीच्या बँक खात्यात जमा होई. २०१४-१५ पासून तो राज्याच्या तिजोरीमार्गे येऊ लागला, आणि २०१५-१६ पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्र व राज्य यांचा वाटा साठास चाळीस असा ठरला. राज्य सोसायटीकडून जिल्हा सोसायटीकडे, तेथून तालुक्यास आणि तालुक्यातून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीस, अशी ही उतरंड आहे. अभियानाच्या पहिल्या वर्षांत प्राथमिक आरोग्य केंद्रास समितीसाठी वर्षाला १,००,००० रुपये, इमारतीच्या देखभालीसाठी ५०,००० आणि कोणत्याही विशिष्ट बाबीस न बांधलेले म्हणून २५,००० असे एकूण १,७५,००० रुपये मिळत. रक्कम लहान दिसते. परंतु नळदुरुस्ती, संपलेले औषध तातडीने आणणे, प्रसूतिगृहातील दिवा, अशा ज्या गोष्टींवाचून दवाखाना अडतो त्या सर्व याच पैशातून व्हावयाच्या असतात.

पैसा खाली येतो तसा हिशेब वर जातो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील २३८ वा नियम उपयोगिता प्रमाणपत्रासंबंधी आहे. आवर्ती अनुदानाच्या बाबतीत त्याचा आशय असा की, मागील वर्षाचे प्रमाणपत्र व लेखापरीक्षित हिशेब आल्यावाचून चालू वर्षाच्या मंजूर रकमेचा पाऊण हिस्सा ओलांडून पैसा देऊ नये. नियम रास्त आहे. पण त्याचा खालच्या पातळीवर होणारा परिणाम नियम करणाऱ्यांनी कितपत लक्षात घेतला असेल, याविषयी शंका वाटते. शिल्लक दाखविली तर पुढील पैसा अडतो, ही समजूत एकदा रुजली की ३१ मार्चला शिल्लक न राहणे हेच हिशेबाचे ध्येय होऊन बसते.

प्रमाणपत्राचा नमुना नीट वाचला असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. सही करणारा केवळ ‘इतके मिळाले, इतके खर्चिले’ एवढेच सांगत नाही. मुख्य हिशेब व पूरक नोंदवह्या नियमाप्रमाणे ठेवल्या आहेत, सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठी अंतर्गत नियंत्रणे अस्तित्वात आहेत, आणि ती नियंत्रणे परिणामकारक आहेत की नाहीत हे वेळोवेळी तपासले जाते, असेही तो प्रमाणित करतो. ही कलमे छापील असतात. त्यामुळे ती वाचण्याचे कष्ट बहुधा कोणी घेत नाही. वस्तुतः प्रमाणपत्राचा खरा भार त्यांच्यावरच आहे. ज्या रुग्णालयात अशी तपासणी होतच नाही, तेथे एक पैसाही गहाळ झालेला नसला तरी प्रमाणपत्र असत्य ठरते.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एका आरोग्य केंद्रास वर्षात १,७५,००० रुपये मिळाले. ३१ मार्चपर्यंत बिले येऊन, माल किंवा काम हाती पडून, रीतसर प्रमाणकांनिशी झालेला खर्च १,१२,६०० रुपये. २८ मार्च रोजी पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीसाठी ठेकेदारास ४०,००० रुपयांची तसलमात देण्यात आली. काम जूनमध्ये व्हावयाचे आहे. औषधविक्रेत्याच्या नावाने १५,४०० रुपयांचा धनादेश लिहून रोकडवहीत खर्ची टाकला. पण माल आलेला नसल्याने धनादेश टेबलाच्या खणातच आहे. अहवालात खर्च १,६८,००० आणि शिल्लक ७,००० अशी नोंद होते. बँकेच्या पासबुकात मात्र २४,५५० रुपये दिसतात. फरक १७,५५० रुपयांचा: १५,४०० खणातल्या धनादेशाचे आणि २,१५० वर्षभराच्या व्याजाचे, जे रोकडवहीत कधी जमाच झाले नाही. वास्तविक खर्च १,१२,६०० हाच होय. न खर्चलेली रक्कम ६२,४०० असून तीपैकी ४०,००० ठेकेदाराकडे येणे आहे. म्हणजे प्रमाणपत्राने खर्च ५५,४०० रुपयांनी फुगवून दाखविला. शिवाय नियमाप्रमाणे व्याज केंद्राच्या संचित निधीत भरावयाचे असते; ते अहवालात उमटलेच नाही.

येथे कोणी लबाडी केलेली नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. परंतु कथा येथे संपत नाही. मे महिन्यात हिशेब ठेवणाऱ्या सहायकाची बदली होते. तसलमातीची वेगळी नोंदवही नाही. मागील वर्षाच्या रोकडवहीत ती रक्कम ‘दुरुस्ती खर्च’ म्हणून बंद झाली आहे. जूनमध्ये ठेकेदार ४०,००० चे संपूर्ण बिल देतो आणि नवा सहायक, काम प्रत्यक्ष झालेले पाहून, ते प्रामाणिकपणे मंजुरीस ठेवतो. एका टाकीचे पैसे दोनदा जातात. खणातला धनादेश तीन महिन्यांनी बाद होतो, आणि तोवर औषधाचे कपाट रिकामे राहते. दोन-तीन वर्षांनी लेखापरीक्षक आक्षेप काढतो तेव्हा खुलासा मागितला जातो तो बदलून गेलेल्या माणसाकडे. त्याच्याजवळ सांगण्यास सत्य असते, पण दाखविण्यास कागद नसतो. सरकारी नोकरीत निवृत्तिवेतन अडकते ते अनेकदा अशा आक्षेपांपायी. अपहारापायी अडकणारे त्या मानाने थोडे.

अंतर्गत नियंत्रणाचे मूळ तत्त्व सोपे आहे: जो खर्च मंजूर करतो, जो पैसा हाताळतो आणि जो नोंद लिहितो, ती माणसे वेगळी असावीत. मोठ्या रुग्णालयात हे आपोआप घडते. लहान ठिकाणी वैद्यकीय अधिकारी एक किंवा दोन. हिशेब लिहिणारा बहुधा औषधनिर्माता किंवा कनिष्ठ सहायक, ज्याचे मुख्य काम दुसरेच. मंजुरी, खरेदी, साठा आणि नोंद ही चारही कामे दोन माणसांत वाटलेली, आणि रुग्णांची रांग लागली की एकातच एकवटलेली. वैद्यकीय अधिकाऱ्याने सही करतेवेळी प्रमाणके तपासावी ही अपेक्षा कागदावर योग्य आहे. पण बाह्यरुग्ण विभाग चालू असता पुढे आलेल्या कागदावर तो कोणत्या मनःस्थितीत सही करतो, याची कल्पना करणे अवघड नाही.

हा दोष एखाद्या गावापुरता नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या २५ क्रमांकाच्या अहवालात सत्तावीस राज्यांतील आरोग्य सोसायट्यांकडे पडून असलेली अखर्चित रक्कम २०११-१२ मधील ७,३७५ कोटींवरून २०१५-१६ मध्ये ९,५०९ कोटींवर गेल्याचे नमूद आहे. दूरदेशीही चित्र फारसे निराळे नाही. अमेरिकेत संघ सरकारचे अनुदान ठराविक मर्यादेपलीकडे खर्चणाऱ्या संस्थेस १९८४ च्या कायद्यान्वये एक विशेष लेखापरीक्षा करून घ्यावी लागते, आणि तीत केवळ आकडे न तपासता अनुदानावरील अंतर्गत नियंत्रणेही तपासली जातात. २०२० च्या साथीत तेथील ग्रामीण रुग्णालयांना एकाएकी मोठी मदत मिळाली. अहवाल भरणारा मात्र पूर्वीचाच एखादा हिशेबनीस होता. आपल्याकडे महालेखापरीक्षकांच्या १९७१ च्या कायद्यातील १४ व्या कलमाने अनुदानप्राप्त संस्था तपासणीच्या कक्षेत येते ती, अनुदान वर्षास किमान २५ लाख आणि तिच्या एकूण खर्चाच्या किमान पाऊणपट असेल तेव्हा. पावणेदोन लाखांची समिती या कलमाच्या जाळीतून सहज निसटते. स्थानिक निधी लेखापरीक्षा आहे. पण ती येते तेव्हा टाकीला पुन्हा गळती लागलेली असते.

यंत्रणेने काही दोष दूर केले आहेत हे मान्य केले पाहिजे. जुलै २०२१ पासून केंद्रपुरस्कृत योजनांसाठी राज्यात एकच मध्यवर्ती खाते ठेवण्याची पद्धत आली. खालच्या संस्थांच्या खात्यात आता शिल्लक राहत नाही. त्यांना फक्त खर्चाची मर्यादा दिली जाते. त्यामुळे जागोजागी पडून राहणारे पैसे आणि त्यांवरील बेहिशेबी व्याज हा प्रश्न बराच सुटला. संगणकावर रक्कम भरणारा एक आणि ती मंजूर करणारा दुसरा अशी दोन कुलपेही आहेत. परंतु दोन्ही कुलपांचे परवलीचे शब्द एकाच माणसास ठाऊक असतील, तर कुलपे दोन असूनही किल्ली एकच. शिवाय ठेकेदारास २८ मार्चला दिलेली तसलमात संगणकासही खर्चच वाटते. टाकी बांधून झाली की नाही हे त्यास कळण्याचा मार्ग नाही.

मग मनुष्यबळ न वाढविता काय करता येईल? येथे रुग्ण कल्याण समितीकडे पुन्हा पाहावे लागते. तिच्यात लोकप्रतिनिधी असतात, गावकरी असतात. कुंडलच्या परिसरात सहकाराची परंपरा जुनी आहे. साखर कारखान्याच्या किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेत ताळेबंदावर पोटतिडकीने प्रश्न विचारणारा शेतकरी येथे दुर्मिळ नाही. तोच शेतकरी दवाखान्याच्या समितीत बसला की इतिवृत्तावर सही करून चहा घेऊन उठतो, कारण हा पैसा आपला नसून ‘वरून आलेला’ आहे असे त्यास वाटते. हे मानसिक अंतर नियमाने तुटणार नाही. पण त्यास एक ठराविक काम देता येईल. दर महिन्यास बँकेचा उतारा, रोकडवही न लिहिणाऱ्या एका सदस्याने प्रथम उघडावा आणि रोकडवहीशी ताडून खाली सही करावी. वरील उदाहरणातील १७,५५० चा फरक अशा ताळमेळात पंधरा मिनिटांत उघडा पडला असता. तसलमात बँकेच्या उताऱ्यात दिसत नाही, म्हणून तिची स्वतंत्र नोंदवही हवी, आणि प्रमाणपत्रावर सही होण्यापूर्वी त्या वहीतील येणे रक्कम खर्चातून वजा झाली आहे की नाही एवढे पाहिले जावे.

तिसरी तुलना अधिक मोलाची आहे, पण क्वचितच केली जाते: पैशाची नोंद आणि रुग्णसेवेची नोंद यांची. जननी सुरक्षा योजनेखाली महाराष्ट्रात ग्रामीण भागातील पात्र मातेस संस्थेतील प्रसूतीनंतर ७०० रुपये मिळावयाचे असतात. आर्थिक अहवालात लाभार्थींची संख्या असते. प्रसूतिगृहाच्या नोंदवहीत प्रसूतींची तारीखवार नोंद असते. पहिली नोंद हिशेबनीस ठेवतो, दुसरी परिचारिका. दोघांचा हेतू वेगळा, म्हणून त्यांचा मेळ बसणे हा भक्कम पुरावा ठरतो. दोहोंत अंतर पडले की त्याचे नेमके नाव सापडते: अमुक तारखेस प्रसूत झालेली, पात्र असलेली, आणि बँक खात्याचा क्रमांक चुकल्याने अथवा खातेच नसल्याने पैसे न मिळालेली स्त्री. अहवालातील शिल्लक रकमेत तिचे ७०० रुपयेही असतात. दोन नोंदवह्या शेजारी ठेवून पाहणारा कोणी नसेल, तर ३१ मार्चच्या घाईत तेही ‘खर्च’ म्हणून दाखविले जाण्याचा संभव असतो, आणि मग तिने जूनमध्ये येऊन विचारले असता कार्यालयातून तिला मिळणारे उत्तर कागदोपत्री बिनचूक असते: पैसे मागील वर्षीच दिले गेले आहेत.