इंजिनबदलासाठी गिअरबॉक्सची निवड

मोटारीचे मूळ इंजिन काढून त्या जागी दुसऱ्या प्रकारचे इंजिन बसविण्यास इंजिनबदल म्हणतात. नव्या इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणारा गिअरबॉक्स कोणता असावा, हा या कामातील सर्वांत खर्चिक ठरू शकणारा निर्णय होय. हाताने गिअर बदलावयाच्या गिअरबॉक्सच्या बाबतीत तीन पर्याय असतात : गाडीचा मूळ गिअरबॉक्स ठेवणे, इंजिनासोबतचा गिअरबॉक्स घेणे किंवा तिसऱ्याच गाडीचा आणून जोडणे. मोजके पैसे हाती असताना सामान्यतः दुसरा पर्याय सरस ठरतो. त्याची किंमत अधिक दिसली, तरी त्यामुळे लेथवरची कामे कमी होतात.

पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळ व लोणावळा परिसरात या निवडीला विशेष महत्त्व आहे. एका बाजूस भातखाचरांचे चिखलाचे रस्ते आणि लोहगड-विसापूरकडचे चढ, तर दुसऱ्या बाजूस खंडाळ्याचा घाट. लोणावळ्याची उंची सुमारे ६२० मीटर असून खोपोलीपर्यंत गाडीला पाचशे मीटरांहून अधिक उतरावे लागते.

कारखान्यांतील पूर्वोदाहरणे

हा प्रकार केवळ गॅरेजपुरता मर्यादित नाही. मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ मध्ये बाजारात आणलेल्या प्रीमियर ११८ एनई या मोटारीचा सांगाडा फियाट १२४ चा, तर ११७१ घन सेंटिमीटरचे इंजिन निस्सानचे होते. इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही निस्सानचाच घेण्यात आला. हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाला पुढे इसुझूचे १८१७ घन सेंटिमीटरचे इंजिन मिळाले, तेव्हा त्यासोबत पाच गिअरांचा गिअरबॉक्स आला. अभियंते व यंत्रशाळा हाताशी असलेल्या कारखान्यांनीही इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जोडी फोडली नाही, ही बाब बोलकी आहे.

महिंद्रच्या जीपचा इतिहास याहून उद्बोधक आहे. विलिसच्या परवान्याने बनणाऱ्या सीजे-३बी जीपमध्ये हरिकेन पेट्रोल इंजिन आणि टी-९० हा तीन गिअरांचा गिअरबॉक्स असे. पुढे ट्रॅक्टरच्या घराण्यातील इंटरनॅशनल डिझेल इंजिन आले. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी करार झाल्यावर एक्सडीपी ४.९० हे २११२ घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन उपलब्ध झाले. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त, या एका कारणाने जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसविण्याचे काम महाराष्ट्रभर गॅरेजांतून चालले.

जोडणीतील अडचणी

इंजिनाच्या पाठीमागील बोल्टांची छिद्रे गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगशी जुळली पाहिजेत. ती न जुळल्यास मध्ये जाड पट्टी, म्हणजे अडॅप्टर प्लेट, घालावी लागते. बोल्ट बसले म्हणजे काम झाले, असा समज मात्र घातक आहे. क्रँकशाफ्टचा आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा अक्ष एका रेषेत हवा. येथे मिलिमीटरच्या लहानशा अंशाचा फरकही चालत नाही. तो डायल गेजनेच तपासावा लागतो. अक्ष सरकलेला राहिल्यास क्लच नीट सुटत नाही, स्पायगॉट बेअरिंग झिजते आणि काही महिन्यांत गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा आवाज सुरू होतो.

इनपुट शाफ्टची लांबी आणि त्यावरील खाचांची संख्याही पाहावी लागते. क्लचप्लेटचा बाहेरचा व्यास फ्लायव्हीलला, तर मधला हब शाफ्टच्या खाचांना जुळावा लागतो. एका प्लेटचा हब काढून दुसऱ्या प्लेटला रिव्हेट करण्याची युक्ती प्रचलित असली, तरी घाटात भरल्या गाडीने तिची परीक्षा पाहणे शहाणपणाचे नाही. याखेरीज स्टार्टरची जागा, गिअर लिव्हरचे ठिकाण आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी यांचाही हिशेब असतो.

चारचाकी ओढीच्या गाड्यांत आणखी एक भेद आहे. विलिस पद्धतीच्या जीपमध्ये ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीला थेट जोडलेली असते. त्यामुळे गिअरबॉक्स बदलताना मागची जोडणीही नव्याने करावी लागते. मारुती जिप्सीत ती स्वतंत्र असून मध्ये छोटा शाफ्ट असतो, म्हणून तेथे मोकळीक अधिक मिळते.

गुणोत्तर आणि घाट

गिअरबॉक्सचे गुणोत्तर एकटे पाहून उपयोग नसतो. ते डिफरन्शियलच्या गुणोत्तराशी गुणावे लागते. जुन्या जीपच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर ५.३८ असे. चाकाचा परीघ २.२ मीटर धरल्यास ताशी ६० किलोमीटर वेगाला थेट टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे २,४५० फेरे घेते आणि ताशी ८० ला सुमारे ३,२६०. पेट्रोल इंजिनाला हे सोसते. सावकाश फिरणाऱ्या ट्रॅक्टर-घराण्यातील डिझेल इंजिनाला ते जड जाते. अशा इंजिनामागे ०.८५ गुणोत्तराचा पाचवा गिअर असल्यास ताशी ८० ला फेरे सुमारे २,७७० वर येतात.

पाचवा गिअर सपाट महामार्गाचा. घाटाचा प्रश्न खालच्या गिअरांचा आहे. टी-९० च्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.८, म्हणजे डिफरन्शियलसह एकूण १५ च्या आसपास. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.८ असलेला चार गिअरांचा बॉक्स बसविल्यास हाच आकडा २० च्या वर जातो आणि चिखलातून किंवा चढावर गाडी उचलताना क्लच जाळावा लागत नाही. उतारावर हेच गुणोत्तर गाडीला रोखून धरते. घाट ज्या गिअरने चढावा त्याच गिअरने उतरावा, हा चालकांचा जुना नियम यावरच आधारलेला आहे. दोन गिअरांमधील अंतर फार मोठे असेल, तर एका गिअरमध्ये इंजिन ओरडते आणि वरच्या गिअरमध्ये गाडी पळू लागते. मग सारा भार ब्रेकवर पडतो व ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका संभवतो. इंजिन अधिक शक्तीचे बसविले आणि ब्रेक जुनेच ठेवले, तर हा धोका वाढतो.

जुना गिअरबॉक्स पारखताना

पुण्यातील नाना पेठ किंवा मुंबईतील कुर्ल्याचा सीएसटी रोड येथे जुने भाग मिळतात. खरेदीपूर्वी तळाचा बोल्ट काढून तेल पाहावे. चमकणारी पितळी भुकटी सिंक्रो रिंग झिजल्याचे सांगते, तर लोखंडाचे कण दाते तुटल्याचे. शाफ्ट हाताने हलवून बेअरिंगची ढिलाई कळते. ज्याचे सुटे भाग आजही मिळतात असाच बॉक्स निवडावा. परदेशी गाडीचा देखणा बॉक्स एका रिंगेसाठी वर्षभर पडून राहतो.

कायदेशीर बाजू

नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिन क्रमांक, इंधन आणि घनक्षमता यांची नोंद असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार या नोंदी उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात याच तरतुदीवर भर दिला. त्यामुळे इंजिन व गिअरबॉक्स विकत घेण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याकडे विचारणा करणे आवश्यक ठरते. मावळ तालुक्यातील वाहनांसाठी हे काम पिंपरी-चिंचवड येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात चालते. विनापरवाना बदल केलेल्या गाडीचा अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यालाही बाधा येऊ शकते.